धूसर होत जाणारी साक्ष : गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याच्या चित्रफिती आणि त्यांचे जतन

२४ सप्टेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या छोट्याशा देशाने स्वातंत्र्याची एकतर्फी घोषणा केली. ही घोषणा राजधानी बिसाऊमध्ये झाली नाही, कारण बिसाऊ त्या दिवशीही पोर्तुगीज सैन्याच्या ताब्यात होती. देशाच्या आग्नेय कोपऱ्यातील बोए या मुक्त प्रदेशात, रानातील एका मंडपाखाली, राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्या सभेत बंदूकधारी सैनिक होते, गावोगावचे प्रतिनिधी होते, आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेले काही स्थानिक तरुणही होते. राज्य अस्तित्वात येत असतानाच त्याच्याच नागरिकांनी त्या जन्माचे चित्रण करावे, असा योग वसाहतींच्या इतिहासात क्वचितच आलेला आहे.

या तरुणांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात चित्रित केलेल्या फितींचे पुढे काय झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. ऐतिहासिक चित्रफितींच्या जतनाची चर्चा बहुधा तापमान, आर्द्रता आणि रसायने यांच्याभोवती फिरते. ती आवश्यकच आहे. परंतु गिनी-बिसाऊचे उदाहरण अभ्यासताना असे जाणवते की फीत टिकवणे आणि त्या फितीवरील माणसे ओळखू शकणारा साक्षीदार हयात असेपर्यंत त्याच्याकडून ती वाचून घेणे, ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

कॅमेऱ्याची गरज का भासली?

पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. वसाहतीच नसतील तर त्यांच्या मुक्तीचा प्रश्न उद्भवतोच कुठे, असा हा युक्तिवाद होता. गोव्याच्या बाबतीत हाच युक्तिवाद मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. पोर्तुगीज साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या संघटनांची परिषद एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे भरली, तेव्हा आफ्रिकी नेत्यांच्या बरोबरीने गोव्याचे प्रतिनिधीही तेथे होते. बार्देशात जन्मलेले पत्रकार आकिनु द ब्रागांसा हे या परिषदेतील एक प्रमुख नाव. त्यांचा आणि गिनी-बिसाऊच्या लढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांचा जन्म एकाच वर्षीचा, १९२४ चा. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. गिनी-बिसाऊत मात्र सशस्त्र लढ्याला जानेवारी १९६३ मध्ये प्रारंभ झाला आणि तो अकरा वर्षांहून अधिक काळ चालला.

काब्राल हे शिक्षणाने कृषितज्ज्ञ होते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या पक्षाने, म्हणजे ‘गिनी आणि केप व्हर्द यांच्या स्वातंत्र्याचा आफ्रिकी पक्ष’ याने, मुक्त केलेल्या प्रदेशात शाळा, दवाखाने, लोकदुकाने आणि न्यायपंचायती चालवल्या. लिस्बनचे शासन हे सारे नाकारत होते. त्यामुळे जगापुढे पुरावा मांडणे हा लढ्याचाच एक भाग झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष मंडळाने एप्रिल १९७२ मध्ये मुक्त प्रदेशाला भेट दिली ती याच संदर्भात. परदेशी चित्रपटकारही येऊन गेले. इटलीच्या पिएरो नेल्ली यांचा ‘लाबांता नेग्रो’ १९६६ चा, क्यूबाच्या होसे मासिप यांचा ‘मादिना बोए’ १९६८ चा, तर स्वीडनच्या लेनार्ट माल्मर व इंगेला रोमारे यांचा ‘एका राष्ट्राचा जन्म’ या अर्थाच्या शीर्षकाचा माहितीपट १९७३ चा.

मात्र परक्याच्या डोळ्यांनी पाहिले जाणे काब्राल यांना पुरेसे वाटले नाही. १९६७ मध्ये त्यांनी साना ना न्हादा, फ्लोरा गोमेस, जुझे बोलामा कोबुंबा आणि जुझेफिना क्रातु या चौघांना हवाना येथे पाठवले. क्यूबाच्या चित्रपट संस्थेत सांतियागो आल्वारेझ यांच्या हाताखाली ते शिकले. आल्वारेझ हे वार्तापटाला कलेच्या पातळीवर नेणारे दिग्दर्शक होते. ना न्हादा यांचा जन्म १९५० चा, म्हणजे ते गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. ज्या लढ्याला दारूगोळ्याची चणचण होती, त्याने चार तरुण जीव कॅमेरा शिकण्यासाठी काही वर्षे बाजूला काढावेत, यातूनच काब्राल यांची दृष्टी कळते. चौघेही १९७२ मध्ये परतले. २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे काब्राल यांची हत्या झाली. बोए येथील घोषणा त्यांच्या पश्चात झाली. १९७६ मध्ये त्यांचे अवशेष कोनाक्रीहून बिसाऊला आणले गेले तेव्हा याच विद्यार्थ्यांनी त्या प्रसंगावर ‘काब्राल यांचे पुनरागमन’ या अर्थाचा लघुपट केला.

अपूर्ण चित्रपटांचे कोठार

स्वातंत्र्यानंतर १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिसाऊत राष्ट्रीय चित्रपट संस्था उभी राहिली. फ्रेंच चित्रपटकार क्रिस मार्कर १९७९ मध्ये तेथे साहाय्यासाठी गेले. त्यांच्या ‘सां सोलेई’ (१९८३) या गाजलेल्या चित्रपटात बिसाऊच्या उत्सवाची जी दृश्ये आहेत ती ना न्हादा यांनी टिपलेली आहेत. चित्रपटाच्या अभ्यासकांना मार्कर ठाऊक असतात, ना न्हादा बहुधा ठाऊक नसतात, असो.

या संस्थेच्या कपाटांत जे साठत गेले त्यात पूर्ण झालेले चित्रपट थोडेच होते. संकलन न झालेली १६ मि.मी. दृश्ये, कामचलाऊ प्रती, स्वतंत्र चुंबकीय फितींवरचे ध्वनी आणि मित्रराष्ट्रांकडून आलेल्या चित्रपटांच्या प्रती, असे त्याचे स्वरूप होते. ‘लुता का काबा इंदा’ या १९८० मधील अपूर्ण चित्रपटाचे शीर्षक क्रिओल भाषेत आहे. ‘लढा अजून संपलेला नाही’ असा त्याचा अर्थ. चित्रपटही संपला नाही.

अपूर्णतेचे कारण केवळ पैशाची टंचाई हे नव्हते. बोएच्या सभेत आमिल्कार यांचे बंधू लुईश काब्राल यांची राज्यपरिषदेच्या अध्यक्षपदी, म्हणजे राष्ट्रप्रमुखपदी, निवड झाली होती, तर राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते जुआंव बेर्नार्दु व्हिएरा, म्हणजेच ‘निनो’. १४ नोव्हेंबर १९८० रोजी निनो व्हिएरा यांनी लुईश काब्राल यांची सत्ता उलथवली. केप व्हर्दशी एक होण्याचे स्वप्नही तेथेच संपले. एकाच सभेत एकाच ध्येयासाठी जमलेली माणसे आता शत्रू झाली होती, आणि फितींवर मात्र ती अजूनही सहकारीच होती. अशा चित्रणाचा अंतिम अर्थ लावून त्याचा चित्रपट करणे कोणत्या सत्तेला सोयीचे वाटले असते? संग्रह जाळला गेला नाही, त्यावर बंदी आल्याचा गाजावाजाही झाला नाही. तो नुसता पडून राहिला. अभिलेखांच्या नाशाचा हा सर्वांत शांत प्रकार आहे आणि, माझ्या मते, सर्वांत परिणामकारकही.

पडून राहणे फितीला मानवत नाही. १६ मि.मी. चित्रफितीचा आधार सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्ण व दमट हवेत या आधाराचे विघटन होऊन ॲसेटिक आम्ल मोकळे होते. डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो म्हणून या विकाराला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. सुटलेले आम्लच पुढील विघटनाला वेग देते. आधार आक्रसतो, त्यावरील प्रतिमेचा थर सुरकुततो, तडकतो, आणि अखेर फीत यंत्रातून जाईनाशी होते. एका डब्यातील वाफ शेजारच्या डब्यालाही बाधते. यावर उपाय एकच : थंड, कोरडी आणि हवा खेळती असलेली कोठी. बिसाऊ हे खाडीकाठचे, दीर्घ पावसाळ्याचे शहर आहे आणि विजेची अनिश्चितता ही तेथील जुनीच व्यथा आहे. लिस्बनच्या सिनेमाटेकाने १९९६ मध्ये चलत्-प्रतिमांसाठी नियंत्रित तापमानाच्या कोठ्यांसह स्वतंत्र अभिलेखागार सुरू केले. म्हणजे ज्या साम्राज्याविरुद्ध लढा झाला त्याच्या प्रतिमांना थंडावा मिळाला, आणि लढणाऱ्यांच्या प्रतिमा उकाड्यात राहिल्या.

त्यात जून १९९८ ते मे १९९९ या काळातील यादवी युद्धाची भर पडली. राष्ट्रीय अध्ययन व संशोधन संस्थेच्या इमारतीत सैन्याने तळ ठोकला आणि तेथील कागदपत्रे उघड्यावर फेकली गेली. चित्रपट संस्थेच्या संग्रहाचेही या युद्धात मोठे नुकसान झाले. काय गेले हे सांगणे अवघड असते, कारण नोंद नसलेली वस्तू नाहीशी झाली तर तिची अनुपस्थितीही नोंदवली जात नाही. निदान सारा माल्दोरोर यांच्या ‘बांतासाठी बंदुका’ या अर्थाच्या चित्रपटाचे हरवणे तरी इतिहासाला ठाऊक आहे. १९७० च्या सुमारास गिनी-बिसाऊच्या मुक्त प्रदेशात चित्रित झालेल्या या चित्रपटाच्या फिती अल्जीरियाच्या लष्कराने जप्त केल्या. त्या पुन्हा हाती लागल्या नाहीत.

बर्लिनची वाट

२०११ मध्ये पोर्तुगीज कलावंत फिलिपा सेझार बिसाऊला गेल्या आणि त्यांची ना न्हादा व गोमेस यांच्याशी भेट झाली. या तिघांच्या प्रयत्नांतून उरलेला संग्रह २०१२ मध्ये बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या चित्रपट संस्थेत अंकीकरणासाठी नेण्यात आला. त्याच वर्षी १२ एप्रिलला बिसाऊत पुन्हा लष्करी उठाव झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या कामातील निकड कळते.

येथे एक महत्त्वाचा निर्णय घेण्यात आला. फिती ज्या अवस्थेत होत्या त्याच अवस्थेत त्यांचे अंकीकरण झाले. डाग पुसले नाहीत, बुरशीच्या खुणा काढल्या नाहीत, रंग उजळले नाहीत. पैशाची मर्यादा त्यामागे असेलच, परंतु इतिहासाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता असे मला वाटते. जुन्या बखरीच्या कसरीने खाल्लेल्या पानावर संपादक आपल्या मनाने ओळी भरत नाही. रिकामी जागा रिकामीच दाखवतो. त्याचप्रमाणे चित्रफितीवरील डाग हा १९८० नंतरच्या उपेक्षेचा दस्तऐवज आहे. तो पुसला तर १९७३ स्पष्ट दिसेल, पण मधली तीस-चाळीस वर्षे अदृश्य होतील.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. एका आफ्रिकी राष्ट्राच्या जन्माच्या प्रतिमा युरोपातील शहरात सुरक्षित राहाव्यात, ही परिस्थिती वासाहतिक काळातील संग्रहालयांची आठवण करून देते. युनेस्कोने २७ ऑक्टोबर १९८० रोजी बेलग्रेड येथे चलत्-प्रतिमांच्या रक्षणाविषयी शिफारस स्वीकारली आणि या प्रतिमांना राष्ट्रांच्या सांस्कृतिक वारशाचा अविभाज्य भाग मानले. शिफारशीने वीज येत नाही, हेही खरे. शिवाय अंकीय प्रत म्हणजे कायमची सोडवणूक नव्हे. तिचीही दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर नक्कल करावी लागते, आणि हा खर्च करू शकणाऱ्याच्या हाती अखेर त्या प्रतीचे भवितव्य राहते.

या अडचणीवर संबंधितांनी दिलेले उत्तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. २०१४ मध्ये या प्रतिमा फिरत्या प्रक्षेपणाद्वारे गिनी-बिसाऊत, जेथे त्यांतील काही मुळात टिपल्या गेल्या होत्या तेथे, परत नेण्यात आल्या. संग्रहातील पुष्कळ दृश्ये मुकी आहेत. ध्वनिफिती वेगळ्या असल्याने त्यांपैकी काही नष्ट झाल्या, तर काहींचा दृश्याशी असलेला मेळ हरवला. तेव्हा ना न्हादा व त्यांचे सहकारी पडद्याशेजारी उभे राहून बोलत : हे कोण, ते कुठे, यानंतर काय घडले. पाहणारेही बोलत. सेझार यांच्या ‘स्पेल रील’ (२०१७) या चित्रपटात या प्रवासाचे चित्रण आहे. अशा भाष्यासह पाहिल्यावर वजन वाहून नेणाऱ्या स्त्रियांची रांग ही ‘ग्रामीण जीवन’ राहत नाही. त्यांच्या डोक्यावर धान्य आहे की आघाडीवर जाणारा दारूगोळा, हे सांगणारे कोणीतरी तेथे असते. हे भाष्य जर फितीसोबत जतन झाले नाही, तर निर्दोष तापमानात ठेवलेली प्रतिमाही मुकीच राहणार.

आणि साक्षीदाराचे आयुष्य ॲसिटेटपेक्षा कमी असते. निनो व्हिएरा यांची २ मार्च २००९ रोजी हत्या झाली. त्याच वर्षी ३० मे रोजी लुईश काब्राल पोर्तुगालमध्ये निवर्तले. बोएच्या सभेतील हे दोघेही अंकीकरणापूर्वीच गेले. चौघा विद्यार्थ्यांपैकी फ्लोरा गोमेस यांनी १९८८ मध्ये ‘मोर्तु नेगा’ हा कथापट केला, साना ना न्हादा यांनी १९९४ मध्ये ‘शिमे’. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, २०२३ मध्ये, ना न्हादा यांनी ‘नोमे’ हा कथापट पूर्ण केला. एका तरुणाच्या लढ्यात जाण्याची आणि स्वातंत्र्यानंतर त्याच्या बिघडत जाण्याची ती कथा आहे. तिच्या मधोमध त्यांनी स्वतः तरुणपणी टिपलेली युद्धाची दृश्ये, डागांसकट, बसवली आहेत.