गुडघा आणि सुई

लखनौचे खासदार व तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० साली शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यावर २००१ साली. शस्त्राच्या अलीकडची पायरी सुईची. अमेरिकेत हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन टोचण्याचा अनुभव १९५१ साली प्रसिद्ध केला. तेव्हा सुई बोटांच्या अंदाजाने जाई. १९७२ साली ध्वनिलहरींनी गुडघ्यामागील द्रवाची गाठ ओळखता आली. पुढे त्याच लहरी पडद्यावर सुईचे टोक दाखवू लागल्या. तथापि औषध अचूक पोहोचले तरी झिजलेली कूर्चा परतत नाही. आराम बहुधा काही आठवड्यांचाच. बदलीच्या गावी वृद्ध मातापित्यांस आणणाऱ्या आम्हां नोकरदारांनी तेवढ्या अवधीत त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करवून घ्यावा, हे बरे.