न्यूनगंडाची भाऊबंदकी

इंग्रजीचा, उंचीचा, रंगाचा, गावाकडच्या बोलीचा... आपल्याकडे न्यूनगंड कशाचाही असू शकतो. पालकसभेत बाई सहज म्हणतात, "हुशार आहे हो, पण जरा न्यूनगंड आहे त्याला." वडीलही मान डोलावतात. शब्द इतका घरचा झालाय, की तो शंभरएक वर्षांपूर्वीच्या मध्य युरोपातल्या एका भाऊबंदकीतून आलाय हे ध्यानातही येत नाही.

शब्दाचे तुकडे दोन आणि घराणीही दोन. आधी 'गंड' घेऊ. संस्कृतात गंड म्हणजे गाल, तसंच गळू किंवा सूजही. गंडमाळेतला गंड तोच. 'कॉम्प्लेक्स'साठी मराठीने तो कामाला लावला. हा कॉम्प्लेक्स मानसशास्त्रात रुळला तो झुरिकच्या बुर्घोल्झ्ली मनोरुग्णालयामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल युंग तिथे डॉक्टर होता. माणसाला समोर बसवून तो एकेक शब्द उच्चारायचा: डोकं, हिरवं, पाणी... समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. युंगच्या हातात सेकंदाचा पाचवा हिस्सा मोजणारं घड्याळ. एखाद्या साध्याच शब्दापाशी माणूस अडला, की तिथे काहीतरी आहे. एकाच भावनेभोवती गुरफटलेल्या आठवणींच्या या गुंत्याला तो कॉम्प्लेक्स म्हणायचा.

'न्यून' मात्र व्हिएन्नाचं. १९०२ साली मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने चार डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि दर बुधवारी रात्री बर्गगासे १९ या पत्त्यावर बैठक भरू लागली. काळी कॉफी, केक, सिगारचा धूर. बोलायची पाळी कुणाची, ते चिठ्ठ्या उचलून ठरे. त्या चौघांतला एक आल्फ्रेड ॲडलर. लहानपणी त्याला मुडदूस होता, धावण्याखेळण्यात तो मागे पडे. थोरला भाऊ धडधाकट होता आणि योगायोग असा, की त्याचंही नाव सिग्मंड!

१९०७ साली ॲडलरने शरीरातल्या कमकुवत अवयवांवर पुस्तक लिहिलं. एक अवयव उणा असला की शरीर दुसरीकडून भरपाई करतं, हा त्याचा मुद्दा. पुढे हाच हिशोब त्याने मनाला लावला. प्रत्येक मूल मोठ्यांच्या जगात लहान आणि दुबळंच असतं, म्हणून उणेपणाची जाणीव सगळ्यांनाच असते. आयुष्य म्हणजे त्यावर मात करण्याची धडपड. फ्रॉइडला हे पटणं शक्य नव्हतं. दडपलेली लैंगिक प्रेरणा हा त्याच्या इमारतीचा पाया. ॲडलर तो पाया सोडून वरवरचा 'मी'च पाहतोय, असं त्याचं म्हणणं.

त्यात मानपानाची भर पडली. १९१० साली न्यूरेंबर्गला मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अध्यक्षपद मिळालं एव्हाना फ्रॉइडच्या गोटात आलेल्या झुरिकच्या युंगला. व्हिएन्नाचे जुने सोबती रुसले. समजूत घालायला फ्रॉइडने व्हिएन्ना शाखेचं अध्यक्षपद ॲडलरला दिलं. ते वर्षभरही टिकलं नाही. १९११च्या आरंभी ॲडलरने आपली मतं सविस्तर मांडली, त्यांच्यावर बैठकांमागून बैठका वादळी झाल्या, त्याने अध्यक्षपद सोडलं आणि काही महिन्यांत संघटनाही. ऑक्टोबरात बाकीच्यांना बजावण्यात आलं: एक तर इथे या, नाहीतर ॲडलरकडे जा. काही जण उठून त्याच्याकडे गेले. १९१४ साली युंगही फुटला. त्याच वर्षी फ्रॉइडने मनोविश्लेषणाच्या चळवळीचा इतिहास लिहिला, त्यात या दोघांची झडती घेतली आणि 'कॉम्प्लेक्स' या शब्दाच्या वारेमाप वापराबद्दल नाराजीही नोंदवली.

ॲडलर सुरुवातीला न्यूनतेच्या 'भावने'बद्दलच बोलत होता. तिला झुरिकचा 'कॉम्प्लेक्स' चिकटला आणि १९२०च्या दशकात हे जोडनाव इंग्रजीत तोंडोतोंडी झालं. ॲडलरनेही मग ते आपलंसं केलं, पण एक रेघ ओढून. उणेपणाची भावना सर्वांना असते आणि तीच पुढे ढकलते. गंड होतो तो माणूस तिच्यापाशीच ठाण मांडून तिला सबब म्हणून पुढे करू लागला की.

फ्रॉइडचा राग मात्र निवला नाही. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याचा डावा हात जन्मावेळच्या इजेने लुळा झाला होता. एमिल लुडविग या चरित्रकाराने सम्राटाचा सारा स्वभाव या लुळ्या हाताने आलेल्या उणेपणाच्या भावनेवरून उलगडला. १९३३ साली छापलेल्या व्याख्यानांत फ्रॉइडने त्याला हरकत घेतली. दोष हाताचा नव्हे, म्हणाला, आईचा. त्या अभिमानी बाईने व्यंग असलेल्या पोरावरची माया काढून घेतली. हात एकच, एकाला त्यात उणीव दिसली, दुसऱ्याला आई.

मराठीने 'न्यून' आणि 'गंड' एका शिरोरेघेखाली बांधले, पण ॲडलरची रेघ वाटेत पुसली गेली. पहिल्या महायुद्धानंतर त्याने व्हिएन्नात मुलांसाठी सल्लाकेंद्रं उघडली होती. तिथेही शिक्षक, आईबाप आणि मूल समोरासमोर येत, जवळजवळ आपल्या पालकसभेसारखेच. फरक एवढाच, की 'याला गंड आहे' इथे बोलणं संपत नसे. या सबबीआड हे पोर कशापासून अंग चोरतंय, ते शोधायला तिथून सुरुवात होई.