वावेलचे कॅथीड्रल : राजांचे आणि कवींचेही

पोलंडला जाणार म्हटल्यावर सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "तिथे काय आहे बघण्यासारखं?" त्याचं उत्तर म्हणून हा लेख.

क्राकूव शहरात विस्तुला नदीकाठी वावेल नावाची टेकडी आहे. तिच्यावर राजवाडा आणि त्याला लागूनच कॅथीड्रल. आजची इमारत 1364 साली पूर्ण झाली. त्याआधी त्याच जागी दोन चर्च होऊन गेली होती. 1320 साली वाडिस्वाव राजाला इथे राज्याभिषेक झाला आणि पुढची चार शतके बहुतेक पोलिश राजांचा अभिषेकही इथे आणि शेवटचा मुक्कामही इथेच. पुढे राजदरबार वॉर्सोला गेला, पण ही प्रथा सुटली नाही.

आमची गाइड बाई मोठी हुशार. पहिल्यांदा तिने आम्हाला बुरुजाच्या अरुंद लाकडी जिन्याने वर नेलं. गुडघे बोलायला लागले, पण वर 'झिगमुंट' घंटा पाहिली. 1520 साली ओतलेली, सगळ्या सरंजामासह साडेबारा टनांच्या आसपास. ती वाजवायला बारा माणसं लागतात आणि ती मोठ्या सणाला किंवा देशाच्या सुखदुःखालाच वाजते.

खाली यादविगा राणीची संगमरवरी समाधी आहे. 1384 साली, जेमतेम दहा वर्षांची असताना, तिला 'राणी' नव्हे तर 'राजा' म्हणून अभिषेक झाला. तरुणपणीच, 1399 साली ती बाळंतपणात गेली. आपले दागिने तिने क्राकूवच्या विद्यापीठासाठी ठेवले. तिच्यासोबत पुरलेला राजदंड निघाला तो लाकडी, वरून सोन्याचा मुलामा दिलेला. तो तिथे काचेत ठेवलाय. त्याच्यापुढे मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते.

तळघरात यान सोबिएस्की राजाची शवपेटी आहे. 1683 साली व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठवणारा तो हाच. त्याची राजा म्हणून निवड झाली 1674 च्या मे महिन्यात. पुढच्याच महिन्यात आपल्या रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, पण मला उगाच आपल्या घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

1795 साली पोलंडचं राज्य संपलं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने देश वाटून घेतला आणि 1918 पर्यंत, म्हणजे 123 वर्षं, नकाशावर पोलंड नव्हता. शेजारच्या राजवाड्यात ऑस्ट्रियाच्या सैनिकांची बराक होती. अशा काळात, 1890 साली लोकांनी परदेशात वारलेल्या मित्सकिएविच या कवीच्या अस्थी फ्रान्सहून आणल्या आणि राजांच्या शेजारी ठेवल्या. राजा करायला राज्य नव्हतं, पण मानाची जागा कुणाला द्यायची हे अजून त्यांच्या हातात होतं. 1927 साली, देश स्वतंत्र झाल्यावर, स्वोवात्स्की हा दुसरा कवीही तिथे आला.

माझं माहेर कोल्हापूरचं, म्हणून हे जास्त भिडलं. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी घराबाहेर काढून सैबेरियाकडे नेलेले हजारो पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. "त्या पोलंडच्या बायका बाजाराला यायच्या," असं आजी सांगायची. घर गेलं होतं, परत जायची खात्री नव्हती. तरी त्यांनी छावणीत चर्च मांडलं, शाळा काढल्या, मुलांना आपली भाषा आणि आपल्या राजांचा इतिहास शिकवला. यादविगा आणि सोबिएस्कीची नावं पंचगंगेच्या काठी कुणी पोरं पाठ करत असतील, हे वावेलच्या तळघरात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं.

क्राकूव लांब आहे, सगळ्यांना जमेल असं नाही. पण अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलात तर महावीर उद्यानातला पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ जरूर बघा. पाच मिनिटं लागतात.