अर्थसहाय्य योजना, शासकीय : मुलुंड

मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या मुलुंडमध्ये राहणारे निराधार, वृद्ध, विधवा, दिव्यांग आणि अल्प उत्पन्नाची कुटुंबे यांना केंद्र सरकार, राज्य सरकार व मुंबई महानगरपालिका यांच्याकडून रोख मदत, धान्य आणि उपचारांचा खर्च या रूपांत जे साहाय्य मिळू शकते, त्याची ही नोंद. योजना पुष्कळ आहेत. पण त्यांतली कोणती योजना कोणाच्या घरापर्यंत पोचते, हे मदतीच्या रकमेपेक्षा पात्रतेच्या उत्पन्न-मर्यादेवर अधिक ठरते. या मर्यादांमधली सर्वांत महत्त्वाची मर्यादा शहरात जगायला काय लागते याचा विचार न करता ठरलेली आहे. त्यामुळे ज्यांच्यासाठी योजना काढली तेच बाहेर राहतात, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले. आज ते महापालिकेच्या टी विभागात मोडते आणि २०११ च्या जनगणनेनुसार या विभागाची लोकसंख्या सुमारे ३.४ लाख होती. मध्यमवर्गीयांचे, शाळा-बागांचे उपनगर अशी त्याची ख्याती आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगत पूर्वी कारखान्यांची रांग होती, त्या जमिनींवर आता निवासी मनोरे उभे आहेत. त्याच मुलुंडमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारापर्यंत अमरनगर, रामगड, हनुमान पाडा अशा वस्त्या पसरल्या आहेत. घरकाम, नाक्यावरची बिगारी, फेरी, रिक्षा यांवर तिथली घरे चालतात. विभागाची सरासरी काढली की ही घरे तिच्यात दिसेनाशी होतात, म्हणून सरासरीवरून मुलुंडच्या गरजेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

मदत मागणाऱ्याला एकाच दारात जाऊन भागत नाही. मुलुंड महसुली दृष्ट्या कुर्ला तालुक्यात येते. तालुक्याची तहसील कचेरी मुलुंड पश्चिमेला आहे, ही इथल्या रहिवाशांची मोठी सोय. उत्पन्नाचा दाखला आणि निराधार-वृद्धांची अनुदाने महसूल यंत्रणेकडे असतात. शिधापत्रिका मात्र तिच्याकडे नाही, कारण मुंबईत ते काम शिधावाटप नियंत्रकांच्या स्वतंत्र यंत्रणेकडे आहे. दवाखाने आणि दिव्यांगांसाठीच्या काही योजना महापालिकेच्या. प्रत्येक ठिकाणी आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि शिधापत्रिका पुन्हा नव्याने दाखवावी लागते. भाड्याच्या खोलीत राहणारे, करार नसलेले कुटुंब पत्त्याच्या पुराव्यापाशीच अडते.

रोख मदतीत पायाभूत आहे ती १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. पासष्ट वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजाराने ग्रासलेले लोक तिच्यात येतात. पासष्ट वर्षांनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना लागू होते. मासिक रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० रुपये झाली, २०२३ मध्ये १,५०० रुपये, आणि दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्राचे इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन आहे, पण त्यातला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आणि ऐंशी वर्षांनंतर ५०० रुपये एवढाच असून उरलेली भर राज्य घालते. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात.

रक्कम अशी टप्प्याटप्प्याने वाढली. पात्रतेची अट मात्र तिच्याबरोबर हलली नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर बहुतेक गटांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिना १,७५० रुपये. साऱ्या कुटुंबाला दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली २०११-१२ ची राष्ट्रीय शहरी दारिद्र्यरेषा दरडोई दरमहा १,००० रुपये होती आणि ती फार खाली आहे म्हणून देशभर टीका झाली. त्या रेषेनेही चार माणसांच्या कुटुंबाचे वर्षाचे ४८,००० रुपये होतात. तेव्हा २१,००० ची अट गरीब कुटुंबाला लावलेली नाही. मुंबईत ज्या उत्पन्नावर कुटुंब टिकूच शकत नाही, असे उत्पन्न ती मागते.

शासनाचेच दुसरे निकष शेजारी ठेवले की ही विसंगती उघडी पडते. मुलुंड पश्चिमेला राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार तिथे विमाधारक म्हणून उपचार घेऊ शकतो. आकडा तोच, पण एकीकडे महिन्याचा आणि दुसरीकडे वर्षाचा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या स्त्रीला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला गेला नाही. कामगार विम्याची मर्यादा वर्षाच्या हिशेबात अडीच लाखांच्याच आसपास जाते. दोन वेगळ्या खात्यांनी स्वतंत्रपणे अल्प उत्पन्नाची रेघ जवळजवळ एकाच ठिकाणी ओढली. निराधारांच्या योजनेने ती त्याच्या बाराव्या हिश्शावर ओढली. आता रामगडमधली एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी, जिचा मुलगा रिक्षा चालवून वर्षाला दीड लाख मिळवतो. चौसष्टाव्या वर्षी शासनाच्या लेखी ती १,५०० रुपयांना पात्र आहे. पासष्टी ओलांडल्यावर तेवढीच रक्कम श्रावणबाळमधून घ्यायची तर ती अपात्र ठरते. वय वाढले, कामाची ताकद कमी झाली, औषधे वाढली, आणि नेमक्या त्याच वेळी दार बंद होते. याला प्रशासकीय तपशील म्हणून सोडून देता येणार नाही. हा अन्याय आहे.

जुन्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची कोंडी थोडी वेगळी आहे. कर्मचारी निवृत्तीवेतन योजना, १९९५ खाली किमान मासिक निवृत्तीवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराला महिना १,८०० रुपये मिळत असले, तरी वर्षाचे २१,६०० होतात आणि तो मर्यादेबाहेर जातो. आयुष्यभर वर्गणी भरली, तीच त्याच्या आड येते.

धान्याच्या बाबतीत शासनाने शहर वेगळे असते हे मान्य केले आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये अशी वेगवेगळी मर्यादा ठरली. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. इथली अडचण निराळी. राज्याचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे आणि महाराष्ट्राच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्केच त्यात बसतात. कुटुंब पात्र असूनही जागा रिकामी नाही म्हणून केशरी पत्रिकेवर धान्याविना राहू शकते.

उपचारांच्या बाबतीत मात्र उलट दिशेने वाटचाल झाली, आणि ती फार बोलकी आहे. मुलुंड पश्चिमेचे एम. टी. अग्रवाल आणि पूर्वेचे वीर सावरकर ही महापालिकेची रुग्णालये केसपेपर काढताना कोणाचे उत्पन्न विचारत नाहीत. जुलै २०१२ मध्ये मुंबईसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी योजना आधी पिवळ्या-केशरी पत्रिकाधारकांपुरती होती. पुढे ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आणि संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेतून हे आले. त्यातल्या उत्पन्न-मर्यादा नंतर वाढवून १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये करण्यात आल्या. मर्यादा काळाप्रमाणे बदलता येते, हे यातून सिद्ध होते.

मर्यादा वाढवण्याच्या विरोधात काही आक्षेप घेतले जातात आणि ते गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की शहरात काम मिळते, तेव्हा आधी खेड्यांकडे पाहावे. पण या योजना ज्यांच्यासाठी आहेत ते वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे काम करू शकत नाहीत, आणि बाजारात काम असल्याने त्यांच्या हाती काही पडत नाही. दुसरा आक्षेप घरच्यांच्या जबाबदारीचा आहे. मुलगा कमावता असेल तर आईवडिलांना त्याने सांभाळावे, शासनाने का? सांभाळावे हे खरेच, पण तसे नेहमी होत नाही हे मान्य करूनच संसदेने २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला आणि न्यायाधिकरणे नेमायची तरतूद केली. शिवाय मुलाकडेच दोन मुलांची फी आणि खोलीचे भाडे असेल तर न्यायाधिकरण तरी त्याच्याकडून काय काढून देणार?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. असंघटित क्षेत्रातले उत्पन्न तपासता येत नाही, म्हणून मर्यादा खालीच ठेवावी, नाहीतर नको ते लोक घुसतील. लाडकी बहीण योजनेत जून २०२५ पासून सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचा लाभ छाननीनंतर थांबवल्याचे शासनाने जाहीर केले, तेव्हा ही भीती पोकळ नाही. पण खालची मर्यादा उत्पन्न तपासण्याची अडचण सोडवत नाही. दोन घरची भांडी घासणारी विधवा आपले उत्पन्न खरे सांगेल तर बाद होते, आणि २१,००० च्या आतला दाखला आणेल तर तिने शासनाला खोटे सांगितलेले असते. मग ती दलालाच्या आणि कारकुनाच्या मेहरबानीवर जगते, कारण तो दाखला कधीही उघडा पाडता येतो. चाळण बारीक केल्याने गरीब निवडले जात नाहीत, दाखला मिळवण्याची ओळख असलेले निवडले जातात. वय, पतीचा मृत्यू आणि अपंगत्वाचे प्रमाण या गोष्टी जन्मनोंद, मृत्युनोंद आणि वैद्यकीय मंडळ यांच्या कागदांवरून पडताळता येतात. उत्पन्नाच्या अंदाजापेक्षा त्या कितीतरी भरवशाच्या आहेत.

कागदाचे वजन किती असते हे एप्रिल २०२१ मध्ये कोरोना निर्बंधांच्या काळात दिसले. राज्य शासनाने बांधकाम कामगार, घरेलू कामगार आणि फेरीवाले यांना १,५०० रुपये जाहीर केले, पण नोंदणी असलेल्यांनाच. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा असला, तरी नोंदणीपासून दूर राहिलेल्या बाईला ती रक्कम मिळण्याचा मार्ग नव्हता.

तिजोरीवरचा भार हा उरलेला आक्षेप. सर्व गटांची मर्यादा एकदम अडीच लाखांवर न्यावी असे कोणी म्हटले तर खर्च फार मोठा होईल, हे कबूल करावे लागेल. पासष्टी ओलांडणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न मात्र तेवढा मोठा नाही. त्यांना १,५०० रुपये आजही दिले जात आहेत, त्यांचे आधार, बँक खाते आणि शिधापत्रिका शासनाकडे आहे. वाढदिवसाच्या महिन्यात त्यांचे नाव नवा उत्पन्न-दाखला न मागता श्रावणबाळच्या यादीत घालणे शासन निर्णयाने करता येईल. जुन्या कामगारांसाठी कर्मचारी निवृत्तीवेतनाची ठराविक रक्कम उत्पन्नाच्या हिशेबातून वगळता येईल. आणि उरलेल्या सर्वांसाठी, धान्याच्या मर्यादेत शहर-खेडे असा जो फरक २०१४ मध्ये केला तोच इथे लावून, निदान ५९,००० पासून सुरुवात करायला नव्या पाहणीची गरज नाही.