रामटेकच्या वाटेवरचं काळं सोनं

नागपूरच्या महाल भागात सोन्याची गोष्ट निघाली की ती भोसल्यांच्या वाड्यावरच येऊन थांबते. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. जामदारखाना इंग्रजांनी ताब्यात घेतला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत विकले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. म्हाताऱ्या बांकाबाईंनी ‘सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन’ असं बजावलं होतं, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक आजीनं नातवंडांना सांगितलेलं असतं. माझ्या आजीनंही सांगितलं. पण तिच्याजवळ आणखी एक गोष्ट होती, आणि ती वाड्यातली नव्हती. तिचं माहेर कांद्रीचं. तिचे वडील मँगनीजच्या खाणीवर हजेरीबाबू होते.

“भोसल्याचं पिवळं गेलं कलकत्त्याले,” ती म्हणते, “आन् आमचं काळं गेलं विलायतेले.”

यंदा कार्तिकात आम्ही सगळे तिला घेऊन रामटेकला निघालो. काका-काकू, आत्या, पोट्टे, पाटवडी आणि दशम्यांचे डबे. रामटेक पन्नासेक किलोमीटर. महालातली माणसं या रस्त्यानं पिढ्यानपिढ्या जातात. त्रिपुरी पौर्णिमेला तर हमखास. गडमंदिर, अंबाळा, खिंडसी बघतात आणि परततात. वाटेतल्या मनसर-कांद्रीच्या टेकड्या खिडकीतून मागे सरकतात.

कामठी आली तसे काकांनी पोरांना रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्याबद्दल सांगितलं. कामठीचे हे गृहस्थ मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले आणि 1930 मध्ये जाताना 35 लाखांहून अधिक रक्कम नागपूर विद्यापीठाला देऊन गेले. त्या काळचे 35 लाख! त्यातूनच 1942 साली अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, आपली एलआयटी, उभी राहिली. काका स्वतः तिथले विद्यार्थी. आपली फी कुठल्या टेकडीनं भरली, हे त्यांना शिकत असताना कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. आजी पुढच्या सीटवरून एवढंच बोलली, “टेकडीनं नाही भरली. टेकडी फोडनाऱ्यानं भरली.”

कांद्रीत आजीच्या भाच्याकडे उतरलो. त्यांच्या दाराला अटकण म्हणून एक काळा धोंडा लावलेला आहे. नारळाएवढा असेल. माझ्या पुतण्यानं तो एका हातानं उचलायला घेतला आणि खाली वाकूनच राहिला, इतका जड. फुटलेल्या बाजूला तो पोलादासारखा करडा चमकतो. एका अंगानं गारेची पांढरी शीर गेलेली, तिच्या कडेला तांबूस कणी. हात लावला की बोटं काळी होतात. पोरांनी त्या बोटांनी भिंतीवर रेघा ओढल्या, आणि कुणी रागावलं नाही.

हा दगड पोलादाला लागतो. मँगनीज घातल्याशिवाय पोलाद धड चिवट होत नाही, म्हणून विलायतेच्या भट्ट्यांना त्याची भूक होती. 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची कंपनी निघाली, तिचीच पुढे सीपीएमओ ही ब्रिटिश कंपनी झाली. फर्मोर नावाचा भूवैज्ञानिक या डोंगरांतून हिंडला आणि 1909 साली भारतातल्या मँगनीजवर त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इथल्या एका खडकाला त्यानं गोंडांवरून गोंडाइट हे नाव दिलं. 1962 मध्ये सरकार भागीदार झालं, मॉईल ही कंपनी जन्माला आली, आणि 1977 मध्ये उरलेला विलायती हिस्साही संपला. आज मॉईलचं मुख्यालय नागपुरात काटोल रोडवर आहे. कांद्री, मनसर, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाट अशा तिच्या खाणी आहेत.

आजीला यातलं सालबिल काही ठाऊक नाही. तिला आठवतात त्या खाणीवरच्या बाया. गोंडाच्या, महाराच्या, छत्तीसगडाहून आलेल्या. तट्ट्याच्या सावलीत ओळीनं बसायच्या, हातात बारका हातोडा. पुरुष खालून फोडून द्यायचे, टोपल्या डोक्यावरून वर यायच्या, आणि या बाया एकेक गोटा ठोकून पांढरं वेगळं, काळं वेगळं करायच्या. मग काळ्याचा ढीग रचायचा. पैसे ढिगाच्या मापावर. ढिगात पांढरं जास्त दिसलं की अख्खा ढीग नापास, दिवस वाया. “बाबा घरी येऊन जेवत नसत त्या दिवशी,” आजी म्हणाली. “पोरगं पाठीशी बांधून काम करे ते बाई. तिचा ढीग कसा नापास लिहू, म्हनत. पन लिहा लागे.” हजेरीच्या वहीत नावापुढे अंगठे होते. ती वही कुठे गेली, घरात कुणालाच ठाऊक नाही.

खऱ्या सोन्याचीही एक आठवण तिच्याकडे आहे. लग्न होऊन महालात आली तेव्हा पहाटे इतवारीच्या सराफ्यात सोनझारी बाया नाल्यांतली माती झाडून न्यायच्या आणि धुऊन त्यातला सोन्याचा कण काढायच्या. बालाघाटाकडच्या नद्यांच्या वाळूतून सोनं धुणं हा त्यांच्या जातीचा जुना धंदा. सोन्याचे अंश नागपूर जिल्ह्यात परसोडीकडेही भूवैज्ञानिकांना सापडलेत. वर्तमानपत्रात तशी बातमी आली की आमच्याकडे दोन दिवस सोन्याच्या खाणीचीच चर्चा होते. पण या भागाचं नशीब पिवळ्यानं नाही, काळ्यानं बदललं, हे मला त्या दाराशी उभं राहून पटलं.

मग मनसरची हिडिंबा टेकडी पाहिली. तिथल्या उत्खननात वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम निघालं आहे. खणून काढलेल्या राजांची आपण इतकी निगा राखतो, फलक लावतो. ते योग्यच आहे. पण त्याच मातीत चार पिढ्या खणत राहिलेल्यांची नावं मी शोधली, आणि ती मला एकाही फलकावर वाचायला मिळाली नाहीत. भोसल्यांच्या दागिन्यांचं दुःख आपण पावणेदोनशे वर्षं सांभाळलं, आणि या बायांचे कष्ट दोन पिढ्यांत विसरलो. हे मला अन्यायाचं वाटतं.

रामटेकला जाल तेव्हा कांद्रीला थोडं थांबा आणि पोरांना त्या टेकड्या दाखवा. आणि तुमच्या घरात, शेजारात, खाणीवर काम केलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासमोर बसून ऐका. फोनवर त्याचा आवाज घेऊन ठेवा, सोबत काम करणाऱ्यांची नावं विचारा आणि लिहून काढा. आजीला त्या ओळीतल्या तिघींचीच नावं आठवली: सुकवारो, फुलकन, जानकी.