आधी यंत्र उघडून पाहिलं

नवशिक्यानं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं आपण विचारता. आपण कोल्हापूरकर, तेव्हा सुरुवात बाबूराव पेंटरांपासूनच करू.

नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाच्या नादाला लागले. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. मग त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला, चालवला, आत फिल्म कशी सरकते ते समजून घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेऱ्याचं काम राहिलंच होतं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं ते पुरं केलं, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. मधे चार वर्षं, बरं का!

आम्ही मात्र उलट केलं. सगळ्यांत भारी एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं. जुना संगणक गपगार. नंतर एका ज्येष्ठ वक्त्यांचं व्याख्यान एमपीफोरमध्ये रेकॉर्ड होत असताना वीज गेली. फाइल उघडेचना. ते व्याख्यान पुन्हा झालं नाही.

आता आम्ही ओबीएस वापरतो. फुकट आहे. त्यात एमकेव्ही निवडायचं: मधेच बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं, आणि नंतर तिथंच एमपीफोर करता येतं. कापाकापीला शॉटकट, तेही फुकट. पुढचं-मागचं छाटायचं, आवाज सारखा करायचा; सुरुवातीला याहून जास्त लागतं कशाला? आणि हो, वक्ते येण्याआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐका.