पाणी ओसरल्यावर

श्रोतेहो, पाणी गळ्याशी आले की होडी कोणाची हे कोणी विचारीत नाही. विचारपूस सुरू होते ती पाणी उतरल्यावर.

१८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी करवीर संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने काढली, जनावरांसाठी छावण्या उघडल्या. कुठे जायचे, हे अडल्यानडल्याला ठाऊक होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली. पाणी ५५ फुटांवर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बुडाला. इकडे गडमुडशिंगीत ‘गोकुळ’चा पशुखाद्य कारखाना, पण नदीपलीकडच्या गोठ्यात पेंड पोचायची कशी? नौदलाच्या होड्या आल्या, माणसे शाळांत, मंगल कार्यालयांत उतरली. तिथे बोट ठेवायला जागा नाही.

अडले ते कागदावर. १० किलो गहू नि १० किलो तांदूळ फुकट, पण घर दोन दिवस पाण्यात असेल तर! म्हणजे बाईने चूल बुडाल्यावर घड्याळ बघत बसायचे की काय? लोकांनी ओरड केली, ती रास्तच होती. पुढे खेड्यातल्या कुटुंबाला १० हजार रुपये नि शहरातल्याला १५ हजार ठरले. तेही पंचनामा झाल्यावर. ज्याच्या नावावर घर नाही, त्या भाडेकऱ्याने तलाठ्यापुढे काय ठेवायचे? रेशनकार्ड तर पुरात गेलेले.

गुरुजी, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पावसाळ्याआधी फळ्यावर लिहा, आणि पंचनाम्यात काय काय नोंदवून घ्यायचे तेही पोरांना सांगा.